आधी सीडी बदलून बघा

सकाळी ८.३०

शटर वर केलं की पहिलं काम म्हणजे मशीनवरचं प्लॅस्टिक काढणं. दुकान खोपोलीच्या शिळफाट्यावर, जिथे पेणकडून येणारा रस्ता जुन्या मुंबई-पुणे हायवेला मिळतो. उन्हाळ्यात ट्रेलरची धूळ आणि जुलैत घाटाच्या पायथ्याचा पाऊस, दोन्ही थेट दुकानात. सीडी-डीव्हीडीच्या ड्राइव्हला दोन्ही वर्ज्य. आतली लेन्स मसुराच्या दाण्याएवढी. तिच्यावर रात्रीची ओल धरली की धडधाकट ड्राइव्हसुद्धा 'डिस्क टाका' म्हणत बसतो. म्हणून पावसाळ्यात मशीन चालू करून पंधरा मिनिटं नुसतं तापू देतो आणि तोवर चहा घेतो. केस वाळवायचा ड्रायर ट्रेमध्ये धरणारे महाभाग बघितलेत. तसं करू नये.

चहावाल्याचा रोजचा प्रश्न: "शेठ, अजून कोण सीडी मारून घेतं?" घेतात. पण लिहून घेणाऱ्यांपेक्षा आता उतरवून घेणारेच जास्त येतात.

सकाळी ९.१५

पहिलं गिऱ्हाईक एमआरआयची सीडी घेऊन. मुलाच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही आणि दुपारी पनवेलला डॉक्टरांना दाखवायचंय. काम पाच मिनिटांचं, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पेनड्राइव्ह हातात देत नाही. या सीडीत साधे फोटो नसतात. डायकॉम नावाच्या फाइली असतात, बरेचदा त्यांना शेवटी जेपीजीसारखं शेपूट नसतं, आणि 'डायकॉमडिर' नावाची एक फाइल कोणतं चित्र कुठलं याची यादी सांभाळते. घरी कॉपी करताना लोक ओळखीच्या दिसतात तेवढ्याच फाइली उचलतात, बाकी कचरा समजून सोडतात. मग डॉक्टरांकडे काहीच उघडत नाही आणि 'सीडी खराब दिली' म्हणून सेंटरच्या नावाने शंख. सीडीवर आहे ते सगळं, जसंच्या तसं, एका फोल्डरमध्ये घ्यायचं. बस्स.

सकाळी १०.३०

खालापूर कोर्टातल्या एका वकिलांचे ज्युनियर. अंगावर कोट, हातात हार्ड डिस्क, चेहऱ्यावर घाई. दुकानातल्या भांडणाचं सीसीटीव्ही फुटेज डीव्हीडीवर हवंय, तीन प्रती. "ऑफिसात दोन डीव्हीडी वाया गेल्या हो. सॉफ्टवेअरच भिकार आहे. तुम्ही निरोचं नवं व्हर्जन टाकून द्या."

माझा क्रम ठरलेला आहे: आधी सीडी बदलायची, मग ड्राइव्ह, मग केबल, मग करंट, आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर. लोक बरोबर उलटे येतात. कारण उघड आहे, एरर दाखवतं ते सॉफ्टवेअर. निरोप आणणाऱ्यालाच चोर ठरवायची आपल्याकडे पद्धतच आहे. पण स्क्रीनवरची ओळ नीट वाचली तर ती बहुतेक वेळा दुसऱ्याचंच नाव सांगत असते. मी त्यांना फोटो मागितला. 'पॉवर कॅलिब्रेशन एरर'.

त्याचा अर्थ असा. लिहायला सुरुवात करण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या मधल्या भोकाजवळच्या राखीव पट्ट्यात थोडंसं लिहून बघतो. या ब्लँकच्या, म्हणजे कोऱ्या डिस्कच्या, रंगद्रव्यावर खूण उमटवायला लेझर किती जोरात मारायचा, हे त्यावरून ठरवतो. जोर ठरलाच नाही तर तो हात वर करतो. म्हणजे एक तर ब्लँक हलकी, नाही तर लेझर थकलेला किंवा लेन्स मळलेली. यातलं काहीही नवं निरो टाकून सुधारणार नाही. मी त्यांचीच उरलेली एक ब्लँक माझ्या ड्राइव्हमध्ये घातली. तोच एरर. मग माझ्याकडची घातली आणि काम सुरू झालं. पाच मिनिटांत निकाल, आणि निरोला हातही लावला नाही.

एकेकाळी या ब्लँकची चिंता नव्हती. ग्रेटर नोएडाची मोझर बेअर जगातल्या मोठ्या डिस्क कारखानदारांपैकी एक होती. मराठी-हिंदी सिनेमांच्या व्हीसीडी तिने २००७ च्या सुमारास २८ रुपयांना बाजारात आणल्या, तेव्हा ठेल्यावरच्या चोरट्या सीडीवाल्यांचेही डोळे पांढरे झाले. २०१८ मध्ये ती कंपनी लिलावाच्या वाटेला लागली. आता लॅमिंग्टन रोडवरून जो गठ्ठा येईल त्यातली एक डिस्क आधी लिहून बघायची आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायची.

डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं असं खोक्यावर छापलेलं असतं. विंडोज तेच ४.३८ दाखवतं, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. यावरूनही वाद होतात. ज्युनियरसाहेबांचं फुटेज ४.५ दाखवत होतं, म्हणजे एका डिस्कवर मावणार नव्हतं. "जरा काटून बसवा ना," म्हणाले. पुराव्याचं फुटेज मी कापत नाही. फाइली दोन डिस्कवर विभागून घ्या, म्हटलं, किंवा वकीलसाहेबांना विचारा. शेवटी दोन-दोन डिस्कचे तीन संच ठरले.

वेग १६ एक्स न ठेवता ८ एक्स. घाईचा वेळ तिथे वाचत नाही. ८ एक्सला एक डिस्क दहा मिनिटांच्या आत लिहून होते. 'फायनलाइज' चालू, म्हणजे डिस्क बंद होते, नंतर कोणी भर घालू शकत नाही आणि दुसऱ्या मशीनवरही उघडते. 'व्हेरिफाय' चालू, म्हणजे लिहिलेलं परत वाचून मूळ फाइलशी ताडून बघणं. या खुणेला लोक वेळखाऊ म्हणून फाटा देतात. बाकी सगळं सोडा, ही सोडू नका.

मग हॅश. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या जुन्या ६५-ब च्या प्रमाणपत्राऐवजी कलम ६३ चं प्रमाणपत्र. त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो आणि 'भाग ब' तज्ज्ञाने भरायचा असतो. विंडोजमध्येच 'सर्टयुटिल' नावाची आज्ञा आहे; तिला फाइल दाखवून 'एसएचए-२५६' सांगितलं की ६४ अक्षर-अंकांची एक ओळ देते, तोच हॅश. व्हिडिओतला एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. मी तीनही संचांतल्या प्रत्येक फाइलची ती ओळ परत काढली, हार्ड डिस्कवरच्या ओळीखाली लावून एकेक अक्षर बघितलं आणि प्रिंट दिला. त्यावर सही कोणी करायची हे वकील ठरवतील.

हा प्रमाणपत्राचा कागद नसणं किती महागात पडू शकतं त्याचं उदाहरण आपल्या जालन्याचं आहे. २०१४ ची विधानसभा, अवघ्या २९६ मतांचा निकाल, आणि तक्रार अशी की उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर घेतला गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रीकरण व्हीसीडीवर होतं, पण प्रमाणपत्र मागूनही मिळत नव्हतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. औरंगाबाद खंडपीठातून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला तिथे ठरलं की मूळ यंत्र कोर्टात आणता येत नसेल तर प्रमाणपत्र लागणारच. ज्युनियरसाहेबांना हा निकाल माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. डिस्कवर कागदी स्टिकर लावू नये हे मात्र त्यांना नवं होतं. दमट हवेत कागद आणि गोंद फुगतात, डिस्क किंचित वाकते, वर तोल जाऊन थरथरते. नाव मार्करने लिहायचं, तेही मधल्या पारदर्शक भागावर.

दुपारी १२.४०

लाइट गेली. डिस्क लिहिताना कॉम्प्युटर मध्येच अडखळला तर ड्राइव्ह थांबतो आणि तिथूनच पुढे लिहितो, ही सोय २००० च्या आसपासपासून आहे. पण वीजच गेली तर ती कामाची नाही. डिस्क कायमची वाया. यूपीएस घेतल्याशिवाय हा धंदा करू नये, निदान आमच्या भागात तरी.

जेवण. भाकरी आणि सुकटीचं कालवण.

दुपारी २.३०

सावरोलीचा एक मुलगा अख्खा सीपीयू स्कूटरवर पायाशी ठेवून आला. "माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हच दिसत नाय. ड्रायव्हर टाकून बघितला, तरी नाय." सीडीच्या ड्राइव्हला वेगळा ड्रायव्हर नसतोच, विंडोजचा स्वतःचा असतो. नेटवर 'ड्राइव्ह दुरुस्त करा' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं स्वतःच रोग असतं.

आधी झाकण काढलं, साटा केबल काढून परत बसवली. बायोसमध्ये ड्राइव्हचं नाव दिसलं. म्हणजे केबल ठीक, करंट ठीक, ड्राइव्ह जिवंत. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र पिवळी खूण आणि 'कोड १९'. आज खरंच सॉफ्टवेअरचा दोष निघाला. मग ते मान्य करायलाच हवं.

होतं काय, की डिस्क लिहिणारी काही सॉफ्टवेअरं विंडोज आणि ड्राइव्हच्या मध्ये आपला एक माणूस बसवतात. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी त्या माणसाचं नाव रजिस्ट्रीत राहतं. विंडोज चालू होताना त्याला हाक मारतं, तो सापडत नाही, आणि ड्राइव्हचं दारच उघडत नाही. रजिस्ट्रीत ४डी३६ई९६५ ने सुरू होणारा विभाग सीडी-डीव्हीडीचा. आधी त्याची नक्कल काढून ठेवायची. मग उजवीकडे 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नोंदी असतील तर त्या पुसायच्या आणि मशीन परत चालू करायचं. शेजारच्या विभागांतही याच नावाच्या नोंदी असतात, त्यांना हात लावला तर कीबोर्ड बंद पडायचा. म्हणून विभागाचं नाव दोनदा वाचायचं.

ड्राइव्ह दिसू लागला. मुलगा म्हणाला, "एवढंच?" एवढंच. पैसे कुठे बघायचं त्याचे.

दुपारी ४.००

भजनी मंडळाचा डीव्हीडी प्लेअर. ट्रे बाहेर येत नाही, आत मंडळाची एकुलती एक सीडी. पुढच्या पट्टीवर सुईएवढं भोक असतं, तिथे सरळ केलेली पेपरक्लिप घालून दाबली की कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा ट्रे सुटतो. या प्लेअरला ते नव्हतं, म्हणून झाकण उघडलं. बांगडीसारखा एक बारका रबरी बेल्ट ट्रे ओढतो. तो सैल पडून गुळगुळीत झालेला. गरम पाण्यात बुडवला की थोडा आकसतो आणि काही दिवस भागतं, पण औषध एकच, नवा बेल्ट. घातला.

वर त्यांची दुसरी तक्रार: "सीडी वाजते, डीव्हीडी वाजत नाही." यात गूढ काही नाही. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. एकाच डोक्यात दोन दिवे असतात आणि त्यातला एक विझू शकतो. काही कारागीर आतला स्क्रू फिरवून विझत्या लेझरचा करंट वाढवतात; तो महिनाभर उजळतो आणि मग कायमचा जातो. मी ते करत नाही. अभंगांच्या सीडीपुरता प्लेअर चालेल, असं सांगून दिला.

संध्याकाळी ५.४५

डोलवलीहून एक जोडपं. कर्जत-खोपोली लोकलने आलेलं, परतीच्या गाडीवर डोळा. लग्नाची व्हीसीडी, २००४ ची. "लग्नाचा वाढदिवस आहे. हळदीचा अर्धा मिनिट मिळाला तरी चालेल, स्टेटसला ठेवायचाय."

सीडी ट्यूबलाइटसमोर धरली. नावाच्या बाजूला दोन ठिकाणी टाचणीएवढा उजेड आरपार आला. सीडी नुसती टेबलावर टेकवली तर खालच्या चकचकीत बाजूला ओरखडे पडतात म्हणून सगळे जपतात; पण सीडीत माहितीचा थर नावाच्या बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो. तिथलं खरवडलं की गेलं. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती या बाबतीत सुरक्षित. खालच्या बाजूला पांढरट बुरशीही होती. साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून मऊ फडक्याने पुसली, मधून कडेकडे, सरळ. गोल फिरवून पुसलं आणि ओरखडा पडला तर तो माहितीच्या ओळीच्या बाजूने धावतो आणि सलग मोठा तुकडा खातो. आडव्या ओरखड्याचं नुकसान ड्राइव्ह भरून काढू शकतो.

व्हीसीडी या बाबतीत जास्तच नाजूक. एका सीडीत ऐंशी मिनिटांचा सिनेमा बसावा म्हणून चूक-दुरुस्तीसाठी राखलेली काही जागाही चित्राला दिलेली असते. त्यामुळे खराब झालेल्या व्हीसीडीवरची चित्राची डॅट फाइल विंडोजमध्ये नुसती ओढून कॉपी केली की अर्ध्यावर एरर येतो, आणि लोक डिस्क मेली समजतात. मी आयसोबस्टरने वेग कमी करून उतरवायला लावली. पहिला ड्राइव्ह वरातीपाशी अडकला. दुसऱ्याने वरात घेतली, पण मंगलाष्टकांत अडकला. दुकानात तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे जुने ड्राइव्ह याच कारणाने ठेवलेत. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. तिसऱ्याने बाकीचं काढलं. भोकांपाशी चित्र चौकोन-चौकोन होतं, ते तसंच राहणार.

हळद शाबूत निघाली. बाई स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "अहो, तुमचे केस बघा." नवरा म्हणाला, "गाडी सुटेल." अर्धा मिनिट मोबाइलवर, बाकी सगळं पेनड्राइव्हवर दिलं आणि बजावलं की आजच दुसऱ्या ठिकाणीही कॉपी करून ठेवा.

संध्याकाळी ७.३०

सावरोलीच्या मुलाचा फोन. मित्राच्या लॅपटॉपला यूएसबीवाला बाहेरचा ड्राइव्ह लावलाय, डिस्क फिरते आणि मध्येच बंद पडते. सॉफ्टवेअर कुठलं टाकू?

हब काढ, म्हटलं. थेट लॅपटॉपच्या पोर्टला लाव, चार्जर जोडून. दोन शेपटांची केबल आली असेल तर दोन्ही शेपटं लाव. लिहिताना लेझर आणि मोटर दोघांना करंट लागतो, एका हबला तो पुरत नाही.

दोन मिनिटांनी परत फोन. "चाललं. आता डीव्हीडी लावली तर विंडोज वाजवत नाय."

विंडोज ८ पासून त्यात डीव्हीडी वाजवायची सोयच येत नाही. व्हीएलसी टाक. हे मात्र सॉफ्टवेअरचं काम.