सैनिकांच्या हातचे सुरे

सैनिकाचें शस्त्र सरकारी असतें. त्यावर क्रमांक असतो व तें पुढें परत करावें लागतें. परंतु दुसऱ्या महायुद्धांत प्रशांत महासागरावरील अनेक अमेरिकन सैनिकांपाशीं, त्यांनीं फावल्या वेळीं स्वतः घडविलेला सुरा असे.

'फावला वेळ' हे शब्द श्रोत्यांस चमत्कारिक वाटतील. युद्ध म्हणजे अष्टौप्रहर लढाई, ही घरीं बसणारांची समजूत! प्रत्यक्षांत बेटांवर व जहाजांवर आठवडेच्या आठवडे वाट पाहण्यांत जात. जहाजांच्या दुरुस्तीशाळेंत लेथ, फिरती सहाण आणि कसबी कारागीर होतेच. गरजही होती. डिसेंबर १९४१ मध्यें अमेरिका युद्धांत उतरली तेव्हां लष्करापाशीं पुरेसे सुरे नव्हते. मरीन दळाचा प्रसिद्ध सुरा मुक्रर झाला तो १९४२ च्या अखेरीस.

पाहणाराचें लक्ष प्रथम मुठीकडे जातें. पडलेल्या विमानाच्या खिडकीचें प्लेक्सिग्लास, म्हणजे काचेसारखें पारदर्शक पण सहज कापतां येणारें द्रव्य, घ्यावयाचें; त्याच्या व अॅल्युमिनियमच्या चकत्या एकाआड एक ओंवावयाच्या आणि घासून चकचकीत करावयाच्या. चामड्याच्या मुठीला दमट हवेंत बुरशी येई, हिला येत नसे. कोणी तर पारदर्शक मुठीखालीं प्रिय स्त्रीचें छायाचित्र बसवी.

पण सुऱ्याची खरी परीक्षा पात्यांत. पातें बहुधा जुन्या कानशीचें. कानशीचें पोलाद अतिशय कठीण, आणि म्हणूनच ठिसूळ. तें तसेंच घासून सुरा केला, तर धार उत्तम. पण पेटीची फळी उचकटतांना पातें टचकन मोडावयाचें. यासाठीं त्याचें पाणी थोडें उतरवावें लागे. पातें उजळ करून पाठीकडून हलकेच तापविलें, कीं त्यावर रंग चढूं लागतात: प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटीं निळा. पाठ निळी झाली तरी चालेल, किंबहुना तशी ती चिवट होते. धार मात्र पिवळी असतांनाच तापविणें थांबविलें पाहिजे. तीही निळी झाली, तर सुरा मोडत नाहीं, पण कापतही नाहीं.

नवशिका फसे तो याच्याही पुढें. पाणी बरोबर उतरलेलें पातें तो घाईनें फिरत्या सहाणेवर धरी आणि पातळ धार क्षणांत निळी पडे. घासतांना पातें वारंवार पाण्यांत बुडवावयाचें, एवढाच त्यावर उपाय.

यांतील पुष्कळ सुरे लढाईंत उपसलेच गेले नाहींत. दोर कापणें, डबे फोडणें हेंच त्यांचें नित्यकर्म. कांहीं संग्राहकांकडे आजही आहेत. करणाराचें नांव क्वचितच आढळतें. कोठें कोठें बेटाचें नांव व साल कोरलेलें असतें.