वादळाने आणलेले पाहुणे

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरून ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर पक्ष्यांची जी ये-जा चालते, तिची शिस्तीने नोंद ठेवणं १९३३ मध्ये स्कोकहोम बेटावर सुरू झालं. ससे पाळून पोट भरावं या बेताने रोनाल्ड लॉक्ली १९२७ मध्ये तिथे राहायला गेला होता. सशांचं काही जमलं नाही, पण ब्रिटनमधली पहिली पक्षी-वेधशाळा मात्र त्याच्या हातून उभी राहिली. १९५३ मध्ये उत्तरेकडच्या बार्डसी बेटावरही वेधशाळा सुरू झाली. दिवसभर काय दिसलं, किती दिसलं, हे तिथली मंडळी रोज वहीत उतरवत आली आहेत. या नव्वद वर्षांकडे मागे वळून पाहिलं तर एक गोष्ट खटकते: पक्षीनिरीक्षक ज्या दिवसांच्या आठवणी सांगत बसतात, त्यांतले बरेच दिवस पक्ष्यांच्या वाट्याला फार वाईट आले होते.

बार्डसीचा दीपस्तंभच घ्या. १८२१ मध्ये बांधलेला, तीस मीटर उंचीचा चौकोनी मनोरा. निरभ्र रात्री पक्षी ताऱ्यांच्या आधाराने बेटावरून निघून जात, कुणाला पत्ताही लागत नसे. पण ऑक्टोबरातली अमावास्या, त्यात आभाळ भरून आलेलं आणि झिमझिम पाऊस असा योग जुळला, की फिरत्या पांढऱ्या झोताभोवती पक्ष्यांची भोवरी सुरू होई. उत्तरेकडून हिवाळा काढायला येणारे रेडविंग आणि फील्डफेअर हे कस्तूर, आफ्रिकेला निघालेले इवलेसे वटवटे, सगळे त्या उजेडात अडकत. निरीक्षकासाठी ही पर्वणीच. एरवी अंधारातून जाणारं सगळं स्थलांतर डोळ्यांसमोर! आणि सकाळी मनोऱ्याच्या पायथ्याशी आपटून मेलेल्या पक्ष्यांची वेचणी. वहीतले कितीतरी मोठे आकडे अशा रात्रींचे आहेत. २०१४ मध्ये तिथे लाल एलईडी दिवा आला आणि हा प्रकार जवळजवळ थांबला. त्यानंतर एखाद्या जातीचा आकडा घटलेला दिसला, तर तो पक्षी कमी झाला म्हणून की आता तो सुखरूप पुढे जातो म्हणून, हे आधी तपासावं लागतं. जुन्या आणि नव्या पानांची सरळ तुलना करणाऱ्यांनी हे विसरू नये.

मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याची गोष्ट उजेडाशी नाही, वाऱ्याशी येऊन थांबते. स्कोमर आणि स्कोकहोम या दोन शेजारी बेटांवर मिळून यांच्या लाखो जोड्या बिळांत घरटी करतात. वाट शोधण्यात हा पक्षी पटाईत. १९५२ मध्ये स्कोकहोमवरचा एक पक्षी बॉस्टनला नेऊन सोडला, तर सुमारे पाच हजार किलोमीटरचा महासागर ओलांडून तो साडेबारा दिवसांत स्वतःच्या बिळात हजर झाला. त्याला सोडल्याचं कळवणारं पत्र त्याच्यानंतर पोहोचलं. बार्डसीवर १९५७ मध्ये कडी घातलेला एक शिअरवॉटर २००३ मध्येही जिवंत सापडला. पण सप्टेंबरमध्ये बिळातून पहिल्यांदाच निघालेलं पिल्लू दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे झेपावतं, तेव्हा ही पटाईतगिरी वादळापुढे चालत नाही. सप्टेंबर २०११ च्या वादळात पेम्ब्रोकशरमधल्या न्यूगेलच्या वाळूवर अशी थकलेली पिल्लं मोठ्या संख्येने येऊन पडली. जमिनीवरून त्यांना सहजी उडता येत नाही. लोकांनी ती खोक्यांत भरून नेली. त्याच सुमाराला स्ट्रम्बल हेड या भूशिरावर, महायुद्धाच्या काळातल्या जुन्या चौकीच्या आडोशाला दुर्बिणी लावून बसणारे मात्र अशाच जोरदार वाऱ्याची वाट पाहत असतात, कारण तोच समुद्रपक्ष्यांना किनाऱ्याजवळ लोटतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वारा काही त्यांच्या सांगण्यावरून वाहत नाही.

अलीकडचा सर्वांत गाजलेला हंगाम सप्टेंबर २०२३ चा. ली या चक्रीवादळाच्या उरलेल्या वाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतून दक्षिणेकडे निघालेले चिमुकले पक्षी अटलांटिकपार फेकले. पेम्ब्रोकशरमध्ये मॅग्नोलिया वॉर्बलर सापडला, रॅम्सी बेटावर बे-ब्रेस्टेड वॉर्बलर, आणि मग कॅनडा वॉर्बलर, जो ब्रिटनमध्ये त्याआधी कधीच नोंदला गेला नव्हता. देशभरातून लोक गाड्या हाकत आले. दहा-बारा ग्रॅमचा जीव एवढा समुद्र पार करून झुडपात किडे टिपतोय, हे पाहायला मीही धावलो असतो. पण अशा पक्ष्यांपैकी फारच थोडे परतत असावेत. आणि जे समुद्रात पडले, त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

खरा बदल गाजावाजा न करता होतो. आपल्याकडे भाताच्या खाचरात दिसणाऱ्या छोट्या बगळ्याकडे कोण वळून पाहतो? वेल्समध्ये मात्र काही दशकांपूर्वी तो दिसला की फोनाफोनी होई. १९८९ च्या सुमारास शरदात ब्रिटनच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांची संख्या अचानक वाढली, १९९६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिलं घरटं झालं आणि या शतकाच्या सुरुवातीला वेल्समध्येही. आज खाड्यांच्या काठी सप्टेंबरमध्ये तो कळपाने दिसतो आणि त्याच्यासाठी कुणी गाडी थांबवत नाही. त्याच्या मागोमाग मोठा बगळाही आला. आता गुरांच्या पायांशी घोटाळणारा गायबगळाही वेल्सच्या कुरणांत दिसू लागला आहे. त्याची नोंद अजून जरा उत्साहाने होते, पण ही हौस फार वर्षं टिकेल असं वाटत नाही.