तीन मीटरांचं जग

कृष्णानं सूर्य झाकला तेव्हा जयद्रथाला खरचटलंही नव्हतं. उजेड गेला, दिवस मावळला असं समजून तो आडोशातून बाहेर आला, आणि तिथेच संपला. ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ आपण येताजाता म्हणतो. त्यातली युद्धकला मला उमगली ती व्हिडिओ गेम खेळताना. वीसेक वर्षं मी जादू-तलवारींचे गेम खेळतो आहे. आगीचे गोळे फेकणारे मंत्र सगळ्यांनाच आवडतात; माझा जीव रमतो तो डोळ्यांपुढे अंधारी आणणाऱ्या मंत्रांत.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर फाशांनी खेळायचा खेळ आणला आणि संगणकावरच्या अशा गेमांनी नियम तिथूनच उचलले. जपानी गेमांनी बहुधा सोपा मार्ग धरला: नेम चुकण्याची शक्यता वाढवायची. ‘पोकेमॉन’मधला ‘सँड अटॅक’ म्हणजे अक्षरशः डोळ्यांत धूळ फेकणं. अचूकता पायरीपायरीनं उतरते. सहा पायऱ्या उतरल्या की हमखास लागणारा वारही तिनांत एकदाच लागतो. १९९४ च्या ‘फायनल फँटसी ६’ची गोष्ट तर मी कुणालाही सांगत बसतो. मूळ गेममध्ये एक चूक राहिली होती, त्यामुळे आंधळं झालेल्या योद्ध्याचा नेम जराही बिघडत नसे. एकच परिणाम शाबूत होता. स्ट्रेगो नावाचा म्हातारा शत्रूची जादू बघून शिकतो. डोळे गेले की त्याचं शिकणं थांबे. चुकून उरलेला हा नियम मला त्या गेममधला सगळ्यांत शहाणा नियम वाटतो.

आता माझ्या लाडक्या गेमकडे येतो. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजनं २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ आणला. त्यात आंधळ्यावर वार करणारा वीस बाजूंचा फासा दोनदा टाकतो आणि मोठा आकडा घेतो. आंधळा स्वतः वार करतो तेव्हा लहान आकडा पदरी पडतो. अकरा किंवा जास्त हवे असतील, तर एरवी संधी ५० टक्के. ती एकाची ७५ होते, दुसऱ्याची २५. पण खरी मेख पुढे आहे. आंधळ्याचे बाण आणि मंत्र तीन मीटरांपलीकडे जातच नाहीत. एरवी १८ मीटरांवर बाण मारणाऱ्या तिरंदाजाला हे टक्केवारीपेक्षा कितीतरी महाग पडतं.

‘डार्कनेस’ मंत्र तर अंधाराचा एक ढगच जमिनीवर मांडतो. आत शिरेल तो आंधळा. बाहेरून आत बाण मारता येत नाही, आतून बाहेरही नाही. ग्रिमफोर्जच्या ओसाड किल्ल्यात ड्युअरगार बुटके अंगावर आले, तेव्हा मी माझ्या गटातल्या विल या वॉरलॉक जादूगाराला पुढे उभं केलं आणि त्याच्याभोवतीच हा ढग टाकला. विलला आधीच ‘डेव्हिल्स साइट’ दिली होती, म्हणून त्याला काळोखात सगळं लख्ख दिसत होतं. लांबून बाण मारणाऱ्यांची पंचाईत झाली. ते एकेक करून आत आले आणि विलनं तलवारीनं एकेकाला गाठलं. हीच सैतानी नजर ‘फॉग क्लाउड’च्या धुक्यात मात्र निकामी ठरते, कारण धुकं म्हणजे अंधार नव्हे. असा बारकावा दिसला की मला त्या नियम लिहिणाऱ्यांचा हात हातात घ्यावासा वाटतो.

तरीही या गेमबद्दल माझी एक तक्रार आहे. पात्र आंधळं होतं, पण पडद्यावर मला सारं दिसत राहतं. पुण्यात एका मित्राकडे फाशांचा मूळ खेळ खेळायला बसलो होतो. माझ्या योद्ध्यावर ‘ब्लाइंडनेस’ पडला आणि खेळ चालवणाऱ्यानं माझ्यासमोरचा नकाशा शांतपणे पालथा घातला. सोंगट्या दिसेनात. “आवाज डावीकडून आला,” एवढंच तो म्हणाला. मी बोटानं जागा दाखवली, फासा टाकला. वार भिंतीवर गेला. अंधारात तीर मारणं म्हणजे काय, ते त्या रात्री कळलं.

पडद्यावर याच्या सगळ्यांत जवळ गेला तो १९९८ चा पहिला ‘बाल्डर्स गेट’. त्यात आपलं पात्र आंधळं झालं की त्याच्या नजरेचा टापूच आक्रसतो. ते एकटं असेल तर भोवतालची माणसं पडद्यावरूनच नाहीशी होतात आणि खेळणाराही चाचपडू लागतो. शत्रूचंही तेच होतं: समोर उभा जादूगार आपल्याला शोधू शकत नाही आणि लांबून बाण खात राहतो. पंचवीस वर्षांनी आलेल्या गेमचं चित्र कितीतरी देखणं आहे, पण आंधळेपण जुन्यानंच जास्त खरं केलं, हे माझं ठाम मत आहे.

त्या जुन्या गेमची २०१२ मध्ये निघालेली सुधारित आवृत्ती मोबाइलवरही मिळते. जादूगार घेऊन खेळायला बसलात, तर पहिल्या पातळीच्या मंत्रांत ‘ब्लाइंडनेस’ शोधा आणि तोच आधी निवडा.