बीएमआय एकच, हिशेब वेगळा

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र छापून आलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हाच ‘वाय-वाय पॅराडॉक्स’. ब्रिटनमधल्या मराठी माणसाने कॅलरी मोजायला घेताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

आकड्यांना तिकडे तोटा नाही. पाकिटांवर ते असतातच. शिवाय ६ एप्रिल २०२२ पासून इंग्लंडमध्ये २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाद्यव्यवसायांना मेन्यूवरही कॅलरी छापाव्या लागतात. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं, ढोबळ माप असं: बाईला रोज २०००, पुरुषाला २५००. वजन उतरवायचं तर त्यातून ६०० वजा, म्हणजे १४०० आणि १९००.

आता ४५ वर्षांची, ६५ किलो वजनाची, १५८ सेंटीमीटर उंचीची, बैठं काम करणारी बाई घेऊ. प्रचलित मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रानुसार वजनाची दसपट ६५० आणि उंचीची सव्वासहापट ९८७.५ यांची बेरीज करायची. त्यातून वयाची पाचपट २२५ आणि बायकांसाठी ठरलेले १६१ वजा करायचे. उरतात साधारण १२५०. नुसतं पडून राहिलं तरी शरीर एवढं खर्चतं. बैठ्या दिनक्रमासाठी १.४ ने गुणलं की १७५०. म्हणजे १४०० कॅलरी खाऊन तिची तूट ६०० नव्हे, ३५० च! किलोभर चरबीत सुमारे ७७०० कॅलरी धरल्या, तर एक किलो उतरायला दोनऐवजी तीन आठवडे. ‘सगळं पाळते, तरी काटा हलत नाही’ या तक्रारीचं मूळ कैकदा इथे असतं.

त्यातही सूत्राला फक्त वजन कळतं. त्यात स्नायू किती, चरबी किती, हे नाही. स्नायू चरबीहून जास्त ऊर्जा खर्चतात, तेव्हा स्नायू कमी असणाऱ्याचा खरा खर्च उत्तराहून कमी भरू शकतो. बीएमआयलाही ते कळत नाही; दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी ब्रिटनची ‘नाइस’ संस्था जादा वजन २५ ऐवजी २३ बीएमआयपासूनच धरते, लठ्ठपणा २७.५ पासून. आपल्या बाईंचा बीएमआय २६.

घरच्या फराळावर मात्र लेबल नसतं. चाळीस ग्रॅमचा बेसन लाडू घ्या: बेसन १६ ग्रॅम, तूप १२, साखर १२. बेसनाच्या ६२, साखरेच्या ४८ आणि तुपाच्या १०८ कॅलरी. एकूण २१८, त्यातला निम्मा वाटा एकट्या तुपाचा. फोडणीचंही तसंच. पंधरा मिलिलिटरचा मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. हात सैल सुटला की हिशेब कोलमडलाच. पोळ्या मोजण्याआधी तेल-तूप मोजावं.

मधुमेहाची औषधं चालू असतील, गर्भारपण असेल किंवा खाण्याविषयीचा मानसिक विकार असेल, तर आधी जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, विचारावं. बाकीच्यांनी सूत्राचं उत्तर हा पहिला अंदाज मानावा. तीन-चार आठवडे प्रामाणिकपणे नोंदी ठेवून ठरावीक वारी, सकाळी उपाशीपोटी वजन करावं आणि कंबरही मोजावी. दोन्ही जागच्या जागी असतील, तर आपण खातो तेवढीच आपली गरज, मग सूत्र काहीही म्हणो. पुढची वजाबाकी त्या आकड्यातून करावी.