चित्रकाराच्या घरचा मूक स्नेही

दीपोत्सव हा प्रकाशाचा, तसाच इष्टमित्रांच्या भेटीगाठींचाही सण. या मंगल दिवसांत आम्हांला स्मरण होते ते एका जगावेगळ्या स्नेहाचे: थोर चित्रकार पाब्लो पिकासो आणि अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांच्या मैत्रीचे.

डंकन यांनी १९५० च्या कोरियन युद्धात सैनिकांचे थकलेभागले चेहरे टिपले होते. रणांगणाची सवय झालेला हा माणूस १९५६ च्या फेब्रुवारीत दक्षिण फ्रान्समधील कान येथे पिकासोंच्या दारी गेला. ७४ वर्षांचे पिकासो त्या वेळी स्नान करीत होते. त्यांनी पाहुण्याला न्हाणीघरातच बोलावले आणि पहिले छायाचित्र तेथेच निघाले!

पुढे डंकन यांना त्या घरात मुक्तद्वार मिळाले. 'असे बसा, इकडे पाहा' असे त्यांनी कधी सांगितले नाही. घरातल्या स्वाभाविक उजेडात, हलक्या आवाजाच्या कॅमेऱ्याने ते टिपत राहिले. १९५७ मध्ये पिकासोंनी जेवताना माशाचा काटा निगुतीने साफ केला, ओल्या मातीत दाबला आणि त्या ठशाने थाळी सजविली. हा सारा प्रसंग छायाचित्रांत जतन झाला आहे. त्याच वर्षी डंकन यांच्यासमवेत आलेला 'लंप' नावाचा ठेंगणा कुत्रा तेथे असा रमला, की वर्षानुवर्षे तेथेच राहिला. वेलास्केझ यांच्या 'लास मेनिनास' या चित्रावरून पिकासोंनी रंगविलेल्या मालिकेत मूळच्या दांडग्या कुत्र्याच्या जागी लंप विराजमान झाला!

पिकासोंनी स्वतःजवळ राखलेली, जगाला अपरिचित अशी शेकडो चित्रेही डंकन यांच्यापुढे खुली झाली. प्रसिद्धीच्या झोतात वावरणाऱ्या वृद्धाने आपले खाजगी जीवन परक्याच्या हाती सोपवावे, यात धोका होताच. ती छायाचित्रे पुस्तकरूपाने जगापुढे जाणारी होती. तथापि त्यांत कुचेष्टा नाही. दिसतो तो कामात गढलेला, हसणारा, नाचणारा एक म्हातारा माणूस.

८ एप्रिल १९७३ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी पिकासो निवर्तले. त्यानंतर डंकन यांनी धन्यावाचून मूक झालेल्या त्या चित्रशाळेची छायाचित्रे घेतली. ती १९७६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. स्वतः डंकन २०१८ मध्ये, १०२ व्या वर्षी कालवश झाले.

आपल्याही आप्तेष्टांत एखादे थकलेले, परंतु अजून कामात रमणारे हात असतील. या दिवाळीत काही न मागता, काही न सुचविता त्यांच्याजवळ घटकाभर बसावे, एवढेच आमचे वाचकांना सांगणे आहे.