किल्ली हरवलेला खण

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी घडविलेले लिहिण्याचे मेज किंवा खणांचे कपाट ज्या घरात आजवर टिकून आहे, त्या घरात त्याची किल्ली मात्र बहुधा टिकलेली नसते. लाकूड पिढ्यान् पिढ्या राहते. बोटभर लांबीचा लोखंडी तुकडा एखाद्या बिऱ्हाडबदलात नाहीसा होतो. पुढे केव्हातरी आतल्या कागदपत्रांची गरज पडते आणि कोणीतरी पटाशी व हातोडी घेऊन पुढे सरसावतो. खण उघडतो खरा. परंतु दर्शनी फळीचा काठ फुटतो, वरच्या आडव्या पट्टीला खोक पडते, आणि शोभेसाठी वर चिकटविलेल्या पातळ लाकडाच्या खपल्या निघतात. ही हानी निष्णात कारागिरालाही पूर्णपणे भरून काढता येत नाही. वास्तविक अशा वेळी हत्यारापेक्षा थोडे निरीक्षण अधिक उपयोगी पडते.

पहिला प्रश्न असा की, खण खरोखरच कुलूपबंद आहे काय? खण आणि वरची पट्टी यांमधील फटीतून विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे. कुलूप लागलेले असेल, तर फटीच्या मधोमध धातूची एक चपटी जीभ खणातून वर निघून पट्टीत शिरलेली दिसते. ती दिसत नसेल, तर खण कुलपाने नव्हे, लाकडाच्या फुगण्याने अडला आहे.

हे फुगणे मोठे नियमबद्ध असते. लाकडाच्या पेशींच्या भिंतींतील सूक्ष्म तंतू बहुतांशी खोडाच्या लांबीला समांतर असतात. हवेतील बाष्प या तंतूंच्या मध्ये शिरते व त्यांना एकमेकांपासून दूर सारते. त्यामुळे लाकूड रेषांना आडवे फुगते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. पूर्ण ओले लाकूड पूर्ण सुकले, तरी लांबीतील घट सामान्यतः शेकडा ०.१ ते ०.२ इतकीच असते. आडव्या दिशेने ती कित्येक पट अधिक असते. खणाच्या समोरच्या व बाजूंच्या फळ्यांत रेषा आडव्या धावतात, म्हणून पावसाळ्यात खण रुंदीत वाढत नाही, उंचीत वाढतो. १५ सेंटिमीटर उंचीची फळी शेकडा २ फुगली, तर ३ मिलिमीटर वाढली. आणि खणाच्या वरची फट पुष्कळदा तेवढीही नसते. यावर उपाय धीराचा आहे. कपाट कोरड्या, हवेशीर खोलीत काही आठवडे ठेवावे. शेगडीजवळ ठेवण्याची घाई करू नये. पृष्ठभाग आतील गाभ्यापेक्षा लवकर सुकला की लाकूड तडकते, आणि जुन्या कामात वापरलेला सरसही उष्णतेने सुटतो.

जीभ दिसली, तर तीच गोष्ट उलट बाजूने आपल्या उपयोगी पडते. कोरड्या ऋतूत फळ्या आकसतात, फट वाढते. शिवाय वर्षानुवर्षे सरकून खणाच्या बाजूंच्या खालच्या कडा झिजलेल्या असतात व खण मूळ जागेपेक्षा किंचित खाली बसलेला असतो. मग जीभ पट्टीत जेमतेम अडकलेली राहते. अशा वेळी दोन्ही मुठी धरून खण खाली दाबत हलकेच पुढे ओढला, तर तो कधी कधी किल्लीवाचूनच सुटतो. सुटला नाही, तर बळ वाढवू नये.

यानंतर किल्लीचा विचार. एकाच कपाटाच्या सर्व खणांना पुष्कळदा सारखीच कुलपे बसविलेली असत. म्हणून घरातील प्रत्येक जुनी किल्ली लावून पाहणे हा भाबडा उपाय नव्हे. त्याआधी किल्लीच्या भोकात डोकावावे. मध्यभागी बारीक खुंटी उभी असेल, तर पोकळ दांड्याचीच किल्ली लागेल. किल्ली फिरविताना मात्र खण आपल्याकडे ओढू नये. ओढल्याने जीभ पट्टीतील खाचेच्या कडेवर दाबली जाते, आणि दाब वाढला की त्याच प्रमाणात घर्षणही वाढते. खण आत ढकलून धरावा व मग किल्ली फिरवावी.

परकी किल्ली चालते तरी कशी? सर्वांत जुन्या प्रकारच्या कुलपात किल्लीच्या वाटेवर स्थिर अडसर असतात व किल्लीला त्यांच्या मापाच्या खाचा असतात. पण जिभेला हलविण्याचे काम किल्लीचे टोकच करते. बाकीचा भाग कापून टाकलेली किल्ली अशा अनेक कुलपांना लागू पडते. हा दोष दूर करण्यासाठी इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये तरफांच्या कुलपाचे पेटंट घेतले. त्यातील प्रत्येक तरफ नेमक्या उंचीपर्यंतच उचलावी लागते. कमी उचलली तर जीभ अडते, अधिक उचलली तरीही अडते. जोसेफ ब्रामा यांचे १७८४ चे कुलूप याहून बिकट होते. ते उघडणारास २०० गिनी देण्याचे आव्हान लंडनमधील त्यांच्या दुकानाच्या खिडकीत लावलेले होते. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ते उघडले. त्यास १६ दिवसांत विभागलेले ५१ तासांचे श्रम पडले. सुदैवाने घरगुती खणांना असली कुलपे क्वचितच असत. तेथे बहुधा एखादी तरफ किंवा नुसती कमान असते.

किल्ली जुळलीच नाही, तर कपाटाच्या रचनेकडे वळावे. वरचा खण उघडा असल्यास तो संपूर्ण बाहेर काढावा. दोन खणांच्या मध्ये फळी नसेल, तर बंद खणात वरून हात जातो. कुलूप दर्शनी फळीच्या आतील अंगास स्क्रूंनी बसविलेले असते; आखूड पेचकसाने ते स्क्रू काढले की खण पुढे येतो व कुलूप पट्टीला लोंबत मागे राहते.

मध्ये फळी असेल, तर कपाटाची पाठ पाहावी. ती सहसा खिळ्यांनी वा स्क्रूंनी बसविलेली असून कौशल्याने काढता येते. आता खणाचा तळ समोर येतो. जुने सुतार हा तळ सरसाने पक्का करीत नसत. लाकूड फुगणार व आकसणार हे ते जाणून होते. म्हणून तळाची फळी बाजूंच्या खाचांतून मागून सरकवीत आणि मागील कडेला एकदोन खिळे ठोकीत. ते खिळे काढले, तर तळ मागे सरकतो व आतील वस्तू हाती लागतात. त्या काढण्यापूर्वी खाली चादर धरावी.

निघालेले कुलूप फेकून नवे बसवू नये. ते किल्ल्या बनविणाऱ्याकडे न्यावे; झाकण उघडून आतील तरफांच्या मापाने तो किल्ली घासून देतो. स्क्रूही जपावेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे स्क्रू टोकाशी बोथट असतात, आणि कपाटाचे वय ठरविताना जाणकार प्रथम तेच मागतात.