टेनिसचें पूर्वांग

गवई तंबोरा जुळविल्यावांचून गावयास आरंभ करीत नाहीं. आमचे तरुण मात्र शाळा-कचेरींतून येतात, रॅकेट उचलतात आणि पहिल्याच चेंडूवर सर्व बळ खर्चितात. खांदा दुखावतो, आणि मन कचेरींतच राहतें.

सामन्यापूर्वी कोर्टावर सरावास सामान्यतः फार तर ५ मिनिटें मिळतात. तेव्हां अंग त्यापूर्वींच सिद्ध असावें लागतें.

प्रथम कांहीं मिनिटें मंद धांवावें. नंतर खांदे, कंबर व मांड्या फिरत्या हालचालींनीं मोकळ्या कराव्या. स्नायु दीर्घकाळ ताणून धरणें खेळानंतरच बरें. आधीं केल्यास त्यांचा जोर कांहीं काळ मंदावतो. मग सर्व्हिस-रेषेवरून हळुवार चेंडू खेळत मागें सरकावें. सर्व्हिस शेवटीं, तीही प्रथम अर्ध्या जोरानें. अखेर आजचा एकच हेतु मनाशीं योजावा.

हा क्रम ज्याचा त्यानें ठरवावा. १४ वेळां फ्रेंच ओपन जिंकून २०२४ मध्यें निवृत्त झालेला राफाएल नदाल सामन्यास पाऊण तास उरला असतां थंड पाण्यानें स्नान करी व खेळतांना दोन बाटल्या ठराविक जागीं मांडी. त्याचें अनुकरण नको, तत्त्व घ्यावें. बाहेरची व्यवस्था आंतील व्यवस्थेस साह्य करिते. दोन आठवडे एक क्रम पाळून पाहावा. निरुपयोगी तें गाळावें.

मात्र त्यांतील एखादें अंग चुकतांच धीर सुटत असेल, तर ती अंधश्रद्धा समजावी. वडील मंडळींनींही मुलांस अधिक वेळ खेळण्याचा आग्रह करण्यापूर्वीं ही पहिलीं २० मिनिटें त्यांस निवांत द्यावीं.